श्रीच्या गॅरेजमधला काटा

माझ्या डोळ्यांवर श्रीचा काडीचाही विश्वास नव्हता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या आमच्या रायफल क्लबात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तो पुण्याचा, मोजमापाची यंत्रं तपासणारा इंजिनिअर. मी ठाण्याचा, आयटीवाला, डिव्होर्सनंतर एकटा.

दर रविवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही टार्गेटसाठीची काडतुसं स्वतः भरायचो.

पावडर इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजायची. जराशी कमी-जास्त झाली की नेम बिघडतो. फार जास्त झाली तर रायफल फुटते, हात जातो.

आणि काटा बिघडला तरी आकडा ऐटीत दाखवतच राहतो.

म्हणून आधी काट्याची परीक्षा. वीस मिनिटं नुसता चालू ठेवायचा. पंखा बंद, दार बंद, फोन लांब.

मग एकाने चिमट्याने प्रमाणित वजन ठेवायचं, कुठलं ते सांगायचं नाही. पाठ करून उभ्या असलेल्या दुसऱ्याने वळून आकडा वाचायचा.

"अरे, एकट्याने ठेवून बघता येतं की," मी सुरुवातीला म्हणालो होतो.

"काय यायला हवं ते माहीत असलं की तेच दिसतं. मलासुद्धा."

एकदा मी घाईत होतो. तो नेहमी वीस ग्रेनच्या, म्हणजे सव्वा ग्रॅमभराच्या वजनानेच सुरुवात करायचा, म्हणून नीट न बघताच "वीस" म्हणून मोकळा झालो.

त्याने येऊन पाहिलं. वीस पॉइंट चार.

काटा कधीपासून सरकला होता कोण जाणे. आधीच्या आठवड्यात भरलेली पन्नासच्या पन्नास काडतुसं त्याने उघडायला लावली.

मी जाम वैतागलो. "आपण दोघंच तर आहोत, कोण विचारणारे?"

"दोघं आहोत म्हणून तर जमतंय, mate."

श्री हार्ट अटॅकने गेला. रायफली नियमाप्रमाणे डीलरकडे गेल्या. काटा आणि वजनांची डबी त्याच्या बायकोने, मेधावहिनींनी, माझ्या हातात दिली. "तुम्हीच वापरा," म्हणाल्या. मग त्या मुलीकडे सिडनीत ब्लॅकटाउनला राहायला गेल्या.

आज वर्षभराने डबी उघडली.

वीस मिनिटं थांबलो. वजन ठेवलं. काटा म्हणाला, वीस.

पण ठेवलं मीच होतं.

मग डोळे मिटून चिमट्याने कुठलंतरी उचलायला गेलो, तर ते टेबलाखाली पडलं. गुडघ्यांवर बसून शोधत होतो आणि तिथेच रडू फुटलं. सांगायला लाज वाटते, पण बराच वेळ रडलो.

वर्षभरात मी एकही काडतूस भरलेलं नाही. क्लबची मेंबरशिप या महिन्यात संपतेय, तीही बहुतेक सोडेन.

क्लबातले म्हणतात, "दुकानात रेडीमेड मिळतात, mate, no worries."

मिळतात, माहीत आहे.

मला काडतुसं कधी हवी होती? रविवारी "किती आलं?" असं मराठीत विचारणारं माणूस हवं होतं.

श्री, मित्रा, फार एकटं वाटतं रे.

तुला मनापासून निरोप.