माह्या नवऱ्याच्या भुताची पारख

लिहिणाऱ्याले मी आधीच बजावलं, माह्या तोंडून जसं निघन तसंच लिही, त्याले पुणेरी करू नको. गोष्ट माह्या रांडपणाची हाये, अन् त्या टायमाले माहा नवरा चांगला जिवंत होता.

ते कापसाचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठंसा गोऱ्याईचं आपसात जुंपलं, तिकडचा कापूस अडला, अन् आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाले सोन्याचा भाव आला. लोक येडे झाले. कोणी कापसावर पाणी मारे, कोणी सरकी घाले, कोणी वाळू. मंग बाजारात पारखी आले. पारखी गाडीत खांद्यापर्यंत हात घाले, वरचा कापूस सोडून पोटातला काढे, गालाले लावून ओल पाहे, अन् चिमटीत ओढून धाग्याची लांबी पाहे. हे पाहून पाहून आमच्या गावाले पारखायची चटकच लागली. तूप पारखा, बैल पारखा, नवरी पारखा. एका म्हाताऱ्यानं तं मांडवात व्याह्याची मिशी ओढून पाह्यली.

भाव ठरे रुमालाखाली. घेणारा अन् देणारा एकमेकाचा हात रुमालाखाली धरत, बोटं दाबून आकडा सांगत. आजूबाजूच्यानं तिकडे पाहाचं नाई, अन् विचाराचं तं नाईच नाई. रुमालाखालचं विचारणाऱ्या माणसाले बाजारात कोणी उभं करत नव्हतं.

माहा नवरा म्हणजे गाय माणूस. कोणी बस म्हटलं का बसे, ऊठ म्हटलं का उठे. कापसाची गाडी घेऊन अमरावतीले गेला अन् परत आला नाई. सोबतचे आले. ते म्हणत, कोण्या ठेकेदारानं चल म्हटलं म्हणून तो मेळघाटात गेला, धारणीकडे, रेलगाडीच्या रुळाखालचं लाकूड वाहायले. मंग पाऊसकाळ लागला, रस्ते बुडाले, अन् त्याचा काही पत्ता नाई.

माह्या दिराले शेताचे सपन पडाले लागले. आमाले लेकरू नव्हतं. नवरा मेला असं ठरलं का शेत दिराचं, अन् मी कपाळ पुसून माहेरी. जिवंत हाये असं ठरलं तं शेतबी माहं अन् कुंकूबी माहं. शेत शेवटी गेलं ते गेलंच, हे आताच सांगून टाकते. मले शेताचं नव्हतं, कुंकवाचं होतं. मले तो माणूस आवडे बापा. त्या काळी असं बोलत नव्हते. आता या वयात कोण माहं काय करते?

कोणाच्या तरी डोक्यात आलं, मेला का जिवंत हे मेलेल्याईलेच विचारावं. ज्याच्या अंगात मेलेले येतात असा माणूस आणावा. पण पाटील मोठा सावध. तो म्हणे, "बाजारात खोटा माल लय हाये. दोघं आणा. पारखी बोलवा. जो अस्सल निघन त्याचं आयकू."

पारखी अमरावतीचा, मुसलमान, भला माणूस. तो हात जोडून सांगे, "पाटील, मैं कपास देखता हूँ, आदमी नहीं." पण आमचं गाव आयकते का? त्याले चावडीत गादीवर बसवलंच. बायका चावडीत जात नव्हत्या. मी दाराच्या आडून पाहून राहिली होती.

पहिली एक म्हातारी आली, अमरावतीकडची. डोळे मिटून बसली, जांभई देल्ली, कान खाजवला. मंग म्हणते, "मले काई दिसून नाई राहिलं. तुमचा माणूस माह्याकडे आला नाई. कुठं हाये मले काय ठाऊक? जाते मी, घरी म्हैस व्याली हाये." अन् उठून चालली. सगळे हासले. पाटील म्हणे, "हे तं रिकामं पोतं हाये. खोटी." मले मात्र पटकन वाटलं, माय, साऱ्या चावडीत खरं बोलली ती हीच एक.

दुसरा दिरानं अकोल्याहून आणला होता. त्याचा थाट काय विचारता! कपाळभर शेंदूर, मोकळे केस, अन् असा घुमे का चावडीच्या छपराचे कवेलू हालत. त्याची एक अट होती. भूत अंगात याले रक्ताच्या माणसानं हात धरावा लागते, अन् नजर लागू नाई म्हणून हातावर रुमाल टाकावा लागते. रक्ताचा माणूस कोण? दीर. दोघाईचे हात रुमालाखाली गेले. सारा गाव रोज बाजारात तेच करे, पण कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाई! उलट रुमाल पडताच सगळ्याईनं शहाण्या माणसावाणी माना तिकडे फिरवल्या.

"मी आलो," तो घुमला.

पाटलानं विचारलं, "तुह्ये बैल किती?"

"दोन."

"शेताचे तुकडे किती?"

"तीन."

"बहिणी किती?"

"चार."

सारं बराबर! लोकाईनं तोंडात बोटं घातले. त्या साली माणसाईले 'किती' सोडून दुसरं विचारताच येत नव्हतं. मी आडून पाहून राहिली होती, का माहा नवरा मेल्यापासून निस्ता आकड्यात बोलते. मले राहावलं नाई. मी वरडली, "घरात मले काय म्हणून हाक मारे, ते विचारा!"

रुमाल हालला. थांबला. पुन्हा हालला.

"पाच," भूत म्हणालं.

मंग एक म्हातारा मान हालवत म्हणे, "पाच सवाष्णीत उठून दिसे, म्हणून पाच. भुताची भाषा खोल असते."

"माह्या नवऱ्यानं मले 'अवं' सोडून जन्मात काई म्हटलं नाई!" मी म्हटलं.

"मेल्यावर माणूस सुधरते," पाटील म्हणाले.

"रुमाल उचला! हात पाहा एकदा!"

बाप रे, कोणाचं धोतर फेडा म्हटल्यावाणी सारे माह्याकडे पाहाले लागले. पाटील लाल झाले. "बाई, रुमालाखालचं विचारत नसतात. आपलं गाव इज्जतदार हाये."

मंग पारख्याची पाळी. बिचाऱ्यानं सुटका व्हावी म्हणून त्या घुमणाऱ्याचा गाल आपल्या गालाले लावला. मिशीचा केस ओढून लांबी पाह्यली. म्हणे, "सूखा है. पानी नहीं मारा. धागा भी लंबा है."

अस्सल ठरलं. माह्या नवऱ्याचं भूत पहिल्या नंबरचं निघालं. त्याच दिवशी बायकाईनं माह्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मी कोणाले चावली नाई, एवढंच. गावानं तेरावं जेवलं, अन् बुंदी चांगली झाल्ती म्हणे. मले माहेरी धाडाचं ठरलं, पण कापूस वेचाले मजूर मिळून नव्हते राहिले, म्हणून वेचणी होईपर्यंत दिरानं मले ठेवून घेतलं.

दसरा झाल्यावर, एके दिवशी वावरातल्या बाया वेचणी टाकून बोंबलत पळाल्या. बांधावरून माहा नवरा येऊन राहिला होता. हाडाची काडी झाल्ती, डोळे पिवळे. मेळघाटातल्या तापानं त्याले पुरा पाऊसकाळ झोपडीत पाडून ठेवलं होतं. मी ओटीतला कापूस तसाच सांडला. बांधाकडे पळत सुटली. पण त्याच्याजवळ जायच्या आधीच लोकाईनं त्याले उचलून चावडीत नेलं.

पुन्हा तीच पंचाईत. पारखी कापसाच्या हंगामासाठी गावातच होता. पुन्हा तेच सवाल.

"बैल किती?"

"दोन नेल्ते. एक घाटात मेला. एक ठेकेदारानं ठेवून घेतला. मंग आता किती म्हणू?"

"शेताचे तुकडे किती?"

त्यानं डोक्शं खाजवलं, भावाकडे पाह्यलं. "लहान्या, नाल्याकडचा आपण येगळा धरतो का?"

लहान्या कवेलू मोजून राहिला होता.

"भुतानं फटाफट सांगितलं होतं," पाटील म्हणाले. पारख्याले पुढं ढकललं. त्यानं गालाले गाल लावला. माह्या नवऱ्याले ताप होता, घामानं निथळत होता. पारखी हळूच म्हणाला, "पाटील, इसे बुखार है." पण त्याच्या गालावर पाणी दिसलं, तेवढं गावाले बस झालं.

"पाणी मारलेला माल," पाटलानं निकाल देल्ला. "भूत अस्सल ठरलं हाये. मंग हा नक्कल."

आता माह्या नवऱ्यानं भांडावं का नाई? त्यानं सगळ्याईकडे पाह्यलं. एवढे मोठे माणसं, सारे एकच बोलून राहिले. "तापात मले काई समजत नव्हतं," तो म्हणे. "तुमी सारे म्हणता तं असीन बापा, मेलो असीन." अन् काठी उचलून उठला, निघाला. खरंच निघाला! दारातून बाहेर, धारणीच्या वाटेकडे तोंड करून, कोणी मेला म्हटलं म्हणून.

माह्या डोक्यात जाळ झाला. गावाचा राग आला, त्याचा तं त्याहून जास्त आला. मी आडोसा सोडला. चावडीच्या पायरीवर साऱ्या पंचाईसमोर त्याचा हात धरला. लगीन झाल्यापासून दिवसाउजेडी आमी एकमेकाच्या बोटालेबी हात लावला नव्हता. लोकाईच्या तोंडाचा आ झाला. तो हात ओढाले लागला, मान खाली, कान लाल.

"सोड," तो कुजबुजला, "लोक पाहून राहिले."

"पाहू द्या," मी म्हटलं. "मेलेल्या माणसाले कायची आली लाज?"

तो तरी ओढूनच राहिला होता. हात तापानं भाजत होता. मी सोडला नाई.