बातमी सांगणाऱ्या आपा

आपा दारातून आत आल्या की सरळ स्वयंपाकघरात जायच्या आणि गॅस बंद करायच्या. मग बाहेर येऊन म्हणायच्या, "बस गो. पाणी पी आधी."

एवढं झालं की समोरच्या बाईचा चेहरा उतरायचा. गावाकडे काहीतरी घडलंय हे तिला कळून चुकायचं.

तुम्ही आखातात राहिला असाल तर ही पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. गावी कोणी वारलं तर फोन ज्याचं माणूस गेलं त्याला करत नाहीत, शेजाऱ्याला करतात. रियाधमधल्या आमच्या इमारतीत तो शेजारी म्हणजे आपा. श्रीवर्धनकडच्या. नवऱ्याचं बत्हा बाजारात बॅगांचं दुकान. कोणाच्याही गावचा फोन आला की आम्ही तो आपांकडे वळवायचो. "तुम्हालाच जमतं, आपा." हे खरं होतं आणि आम्हाला सोयीचंही होतं.

त्यांची रीत ठरलेली. सकाळी सांगायचं, तब्येत जरा बरी नाही. दुपारी सांगायचं, आयसीयूत ठेवलंय. संध्याकाळपर्यंत पुरुषमंडळी तिकिटाचं आणि एक्झिट-रीएंट्री व्हिसाचं बघायची, आणि मग खरं काय ते. "एकदम सांगायचा नाय," त्या म्हणायच्या. "माणसाचा काळीज पायरी पायरीने उतरवायचा."

मी हृदयविभागात नर्स आहे. खोटं बोलण्यापेक्षा सरळ सांगून मोकळं व्हावं, या मताची. एकदा वाद घातला. "आपा, दिवसभर माणसाला टांगून ठेवता त्याचं काय?"

"टांगून नाय गो, धरून ठेवते."

ते मात्र त्या करायच्या. दिवसभर त्या बाईच्या घरातून हलायच्या नाहीत. तिच्या पोरांना जेवू घालायच्या, तिची बॅग भरायच्या, तिचे केस विंचरायच्या. विमानतळावर जाईपर्यंत मनगट सोडायच्या नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर साताऱ्याची एक जण होती. तिचे वडील गेल्याचं आपांनीच सांगितलं. गावाहून परत आल्यावर ती कित्येक दिवस छाती आवळल्यासारखी होते म्हणत होती. आपा म्हणाल्या, "मनाचा खेळ गो. कामाला लाग." आम्ही माना डोलावल्या. मी नर्स, मीही डोलावली. पुढे तिच्या नवऱ्याची नोकरी गेली आणि ते कुटुंब कायमचं गावी परतलं.

मग आपांचीच पाळी आली.

त्यांचा पाठचा भाऊ सौदीतच, जिझानला बंदरावर काम करायचा. आई लवकर गेली, म्हणून आपांनीच त्याला वाढवलेला. तो झोपेतच गेला. फोन आपांच्या नवऱ्याला आला. तो दुकान तसंच सोडून आमच्याकडे आला आणि बूट न काढता सोफ्यावर बसला. "भाभी, मी नाय सांगू शकत. माझ्या तोंडाकडे बघूनच ती ओळखेल."

मी वरच्या मजल्यावरच्या नाशिकच्या बाईंना बोलावलं. कसं सांगायचं? दोघींनाही एकच उत्तर सुचलं. आपा सांगतात तसंच. काय डोकं चाललं आमचं! सगळ्या इमारतीत ही रीत जिला अंतर्बाह्य ठाऊक होती, तिच्यावरच आम्ही ती वापरायला निघालो.

आपा घावन घालत होत्या. नाशिकच्या बाई आत गेल्या आणि त्यांनी सरळ गॅस बंद केला.

आपांनी आधी शेगडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. हातातली पळी तशीच.

"कोण?"

"आधी बसा, आपा."

"कोण गो? खरा सांग."

"तुमच्या भावाची तब्येत जरा बरी नाही..." मी म्हणाले. त्या चक्क हसल्या. "पहिली पायरी," म्हणाल्या. मग पळी खाली पडली. हात छातीवर गेला, कपाळावर घामाचे थेंब आले आणि त्या ओट्याला टेकून खाली घसरल्या.

हॉस्पिटलात ईसीजी पाहून कोणीही हार्ट अटॅकच म्हटलं असतं. रक्ताची तपासणीही तेच सांगत होती. अँजिओग्राफी केली तर नळ्या स्वच्छ, कुठे अडथळा नाही. इकोत मात्र हृदयाचा खालचा भाग फुग्यासारखा फुगून गप्प पडलेला, आणि वरचा तेवढा जीव तोडून आवळत होता. अरुंद तोंडाचं मडकं दिसावं तसं. जपानी डॉक्टरांनी या आजाराला ऑक्टोपस धरायच्या मडक्याचंच नाव दिलं आहे.

कुत्रा मागे लागला की शरीर जे करतं, तेच ते वाईट बातमीनेही करतं. अ‍ॅड्रेनलिन उसळतं, ठोके वाढतात, दाब चढतो, पळायची सगळी तयारी होते. कुत्र्यापासून पळता येतं. बातमी ऐकून कुठे पळणार? बहुतेकांचं हे उधाण ओसरतं. एखाद्याच्या हृदयाचा स्नायूच त्या लोंढ्याने बधिर होतो. पाळी गेलेल्या बायकांत हे जास्त दिसतं. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. मी आपांना हे सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे माझ्या काळजाचा मडका झाला," त्या म्हणाल्या. पण नजर भिंतीकडे.

भेटायला येणाऱ्या बायका एकच विचारायच्या, "नळ्या साफ आहेत ना? मग काहीच नाही म्हणायचं!" त्यांना धीरच द्यायचा असायचा. आपा दरवेळी चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायच्या. भावाचं दफन जिझानलाच झालं, त्या हॉस्पिटलात असताना. त्याचं तोंड त्यांना पाहता आलं नाही.

एकदा मी एकटीच जवळ असताना म्हणाल्या, "भाऊ माझा मेला आणि लोक माझी सेवा करतात. एवढ्या जणींना सांगितला, एक पडली नाय. मीच पडले. ढोंग वाटला असेल सगळ्यांना."

"सरळ सांगायला हवं होतं आम्ही," मी म्हणाले. डॉक्टरांच्या मते कसंही सांगितलं असतं तरी हे होऊ शकलं असतं. ते मला पटतं. पण त्या वाक्याचा आधार घ्यायची मला लाज वाटते.

आपा मात्र भलत्याच विचारात होत्या. "ती साताऱ्याची," त्या म्हणाल्या. "तिच्या छातीत दुखायचा. तिचाही मडकाच झाला असेल काय गो?"

मी नर्सला शोभेल असं उत्तर दिलं. "तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

"मग तपासला का नाय आपण?"



घरी आल्यावर त्यांनी तिला फोन लावायला सांगितला. माफी मागायची होती. मी त्यांच्याच मोबाइलवरून लावला, स्पीकर सुरू केला. पलीकडे एकच रिंग वाजली असेल. नाव पाहूनच ती घाईघाईने म्हणाली, "कोण गेलं, आपा?"

आपांनी तोंडावर पदर धरला. मी बोलायला पुढे झाले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं.

"कोणी नाय गो. सगळी बरी आहेत."

"खरं सांगा. मी बसलेय. पाणी घेतलंय."

"खरा सांगते. कोणी नाय गेला. तुझी छाती कशी आहे, ता विचारायचा होता. मी तुला मनाचा खेळ म्हटला. माफ कर."

ती म्हणाली, "अजून कधीकधी आवळते. पण आपा, आता फोन ठेवू का? हातातलं पाणी सांडलं सगळं."

त्यानंतर आपा कोणाच्या घरी गेल्या नाहीत. आम्ही बोलावलं तरी नाही. नवा इको केला तेव्हा हृदय अगदी ठीक आलं, डॉक्टरांनी अभिनंदन केलं. आपांनी तो रिपोर्ट नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता मना गावी पाठव."

त्या कायमच्या गेल्या. कोणाचा निरोप घेतला नाही. नवऱ्याने मागाहून सांगितलं, "ती म्हणाली, मी दारात गेले तर पोरी घाबरतील." निघायच्या दिवशी मी योगायोगाने खिडकीत होते. खाली गाडीजवळ त्या एकट्याच उभ्या होत्या. मी वरून हाक मारली, "आपा!"

त्यांनी दचकून वर पाहिलं. आणि आधी हात जोरजोरात हलवून मला खूण केली, काही झालं नाही, काही झालं नाही. मग त्या गाडीत बसल्या.