टाकी-सफाईची सूचना, संदर्भ : माझे बालपण

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नवी मुंबईत सीवूड्सपासून थेट द्रोणागिरीपर्यंत चाळण लावली तरी आमच्या सेक्रेटरीसाहेबांइतका मनमोकळा माणूस सापडणार नाही. हा मोकळेपणा त्यांना साठीनंतर आला, आणि आला तोही सोसायटीच्या सूचनाफलकावर, कुलूप लावलेल्या काचेच्या पेटीत. त्या पेटीची एकुलती एक किल्ली साहेबांच्या शर्टाच्या वरच्या खिशात, पेनाच्या शेजारी असे. चालताना ते मधूनमधून तिथे हात लावून बघत. लोकांना वाटे, छातीत दुखतंय.

त्याआधी साहेबांनी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात तेहतीस वर्षं काढली. इतकी वर्षं दुसऱ्यांची पत्रं नोंदवली, स्वतःचं एक वाक्य लिहिलं नाही. आमच्या वहिनी, म्हणजे साहेबांची पत्नी, सांगतात, "लग्नापासून यांची दोनच वाक्यं. 'जेवलीस का?' आणि 'गॅस बंद केलास का?' मुलीचं लग्न ठरलं तेव्हा वाटलं, आता तरी काही बोलतील. तर म्हणाले, 'ठीक आहे.'" निवृत्तीनंतर रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, मनात साठवू नका. मुलीने लगेच वाशीच्या एका शिबिरात नाव घातलं. रंग, माती, लेखन, हवं त्यातून स्वतःला व्यक्त करायचं आणि माणूस म्हणून वाढायचं, असा बेत. तिथल्या बाईंनी रंगीत खडू देऊन सांगितलं, "तुमचं मन काढा." साहेबांनी पट्टीने चार रकाने आखले आणि शेवटच्या रकान्यावर 'शेरा' लिहिलं. बाई हुशार. म्हणाल्या, "काका, चित्र राहू द्या. रोज जे लिहिता ना, त्यातच स्वतःचं एक वाक्य घाला." साहेब रोज लिहीत त्या फक्त सोसायटीच्या सूचना. बाई सांगून मोकळ्या झाल्या; पुढचं आम्ही निस्तरलं.

आठवडाभरात पहिली सूचना लागली. विषय : गच्चीवरील टाकी साफ करणेबाबत. संदर्भ : माझे बालपण. खाली लिहिलं होतं, "लहानपणी मी विहिरीत डोकावून स्वतःला हाक मारीत असे. विहीर उत्तर देई. नंतरच्या आयुष्यात इतक्या तत्परतेने कोणी उत्तर दिल्याचे स्मरत नाही. तरी सभासदांनी गुरुवारी सकाळी पाणी भरून ठेवावे." मी दूध घेऊन परत येत होतो, तो फलकापुढेच उभा राहिलो. दूध नासलं, पण मला विहीर दिसली.

मग साहेब सुटलेच. लिफ्ट बिघडली तेव्हा लिहिलं, "मीही नोकरीत अकरा वर्षे दोन पदांच्या मध्ये असाच अडकलो होतो. दार वाजवून उपयोग होत नाही. शांत बसावे." कुणीतरी गाडी वाकडी लावली, तर, "सदर मालकाविषयी माझ्या मनात राग होता. त्याचा सात पानी मसुदा करून फाडला. आता गाडी हलवावी, ही विनंती." आणि एका सोमवारी अख्खी इमारत फलकाशी गोळा झाली, कारण विषय होता 'भेंडीच्या भाजीबाबत खुलासा'. पंचवीस वर्षांपूर्वी साहेब भेंडीला बुळबुळीत म्हणाले होते. त्या दिवसापासून वहिनींनी भेंडी घरात आणली नव्हती. "वास्तविक ती भाजी उत्तम झाली होती. राग कचेरीतला होता. प्रत माहितीसाठी : सर्व सभासद." वहिनी तावातावाने खाली उतरल्या. साहेबांकडून किल्ली घेतली, पेटी उघडली, खुलाशाच्या खाली पेनाने लिहिलं, "वाचले. संध्याकाळी करते. घरी सांगितलंत तरी चालेल." त्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहतो. भांडण नाही याची खात्री करायला मला खिडकीशी बराच वेळ उभं राहावं लागलं.

आता यात भाऊ येतात. भाऊ मूळचे करावे गावचे, आजोबांपर्यंत खाडीत जाळी टाकणाऱ्या घरातले, आज आमच्या इमारतीत दोन फ्लॅटचे मालक. आवाज असा, की त्यांना फोनची गरज काय, हे मला कळलेलं नाही. मध्यंतरी खाडीचा वास येतो म्हणून काही सभासदांनी लेखी तक्रार केली. साहेबांनी फलकावर उत्तर दिलं, "तक्रार मिळाली. संदर्भ : खाडी. ती आपल्या आधीपासून येथे राहते. तिनेही आपल्याविषयी तक्रार केली असेल. ती नोंदवून घ्यायला आपल्याकडे कोणी नाही." भाऊ त्या दिवशी फलकापुढे बराच वेळ उभे होते आणि, हे विशेष, गप्प उभे होते.

पण कलावंताला त्याची लांबीच नडते. पाइप दुरुस्तीच्या सूचनेला साहेबांनी संदर्भ दिला 'माझे वडिलांशी झालेले एकमेव भांडण', आणि सूचना दोन पानांवर गेली. पाणी कधी बंद, ती वेळ दुसऱ्या पानावर, दुसरं पान पहिल्याच्या मागे, पेटीला कुलूप, आणि किल्लीसकट साहेब फिरायला गेलेले. त्याच दुपारी करावे गावात भाऊंच्या पुतणीची हळद होती. आगरी-कोळ्यांच्या हळदीत नवरीच्या काकाला कोण सोडतो? भाऊ केसांपासून नखांपर्यंत माखून अंघोळीला घरी आले, तर नळ कोरडा. वाट बघण्यात हळद अंगावर वाळली आणि मुरली. रात्रीच्या पंगतीला भाऊ पिवळेच, आणि दुसऱ्या दिवशी खरेदीखतावर सही करायला कचेरीत गेले तेही पिवळेधमक.

सोसायटीची सभा बोलावली गेली. भाऊ उभे राहिले. "साहेब, तुमी मानूस सोन्यासारकं हाय. पन माज्या पुतनीच्या हलदीला नवरी कोन आन् काका कोन, ते पावन्यांना कललं नाय!" सगळे हसले. मीसुद्धा हसलो, आता त्याची लाज वाटते. सूचना यापुढे पाचव्या मजल्यावरच्या इंजिनियरने लिहाव्यात, असं ठरलं. साहेब उठले, खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ठीक आहे." हसू थांबलं नव्हतं, पण वहिनींनी मान खाली घातली. ते दोन शब्द त्यांच्या ओळखीचे होते.

इंजिनियरच्या सूचना छापील आणि नेमक्या. "उद्या १० ते २ पाणी नाही." कुणाची अंघोळ चुकली नाही. फलकापुढे मात्र कुणी थांबेना. नजर टाकायची आणि निघायचं. साहेब जिन्यात भेटत आणि मान हलवून पुढे जात. हात अजून त्या खिशाकडे जाई आणि पेनाला लागून परत येई. एकदा वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, हे पुन्हा 'गॅस बंद केलास का?'वर आलेत हो. काल भेंडी केली होती. मुकाट्याने खाल्ली."

परवा सकाळी फलकावर नवी सूचना लागली : गुरुवारी टाकी-सफाई, ९ ते १२. टाकीचं नाव वाचून जुन्या सवयीने आम्ही चार-पाच जण थांबलो, वाचलं आणि तरीही उभे राहिलो. इंजिनियर पेटीला कुलूप लावत होता. मागे जिन्यावरून साहेब दुधाची पिशवी घेऊन उतरत होते. आम्हाला फलकापाशी पाहून तिसऱ्या पायरीवर थबकले. तेवढ्यात बादली घेतलेले भाऊ पुढे घुसले. त्यांनी सूचना वाचली, वाकून कागदाच्या मागे दुसरं पान आहे का ते पाहिलं, आणि करावे गावापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात इंजिनियरवर खेकसले, "पानी जानार ते कललं रं, पन संदर्भ कुठं हाय?"