दोऱ्यानं मोजलेलं लंडन

माझ्या हिशोबानं दादा लग्नाच्या आदल्या संध्याकाळी लंडनहून टेंभुर्णीला पोचायला हवे होते. ते पोचले नाहीत, म्हणून त्यांच्या नवरीशी माझं लग्न होता होता राहिलं.

निजामी अमलातली गोष्ट. दादा माझे थोरले भाऊ. विलायतेत शिकत होते. लग्न ठरलं आणि त्यांची तार आली : सोमवारी सकाळी विमानानं निघतो. आमच्या घरात विमान कोणी पाहिलं नव्हतं. पण मी नुकताच मॅट्रिक झालो होतो (म्हणजे मला सगळं कळत होतं).

"कधी येऊन राह्यला रे तो?" आईनं विचारलं. "मुहूर्त धरायचा हाय."

मुंडावळ्या ओवून उरलेला दोरा मी शाळेच्या नकाशावर लंडनपासून मुंबईपर्यंत ताणला. साडेचार हजार मैल. विमान ताशी दोनशे मैल जातं, असं वर्तमानपत्रात वाचलं होतं. भागाकार सोपा होता.

"मंगळवारी मुंबई, बुधवारी घरी."

"बराबर?"

"बिलकुल."

भटजींनी गुरुवारी दुपारचा मुहूर्त धरला.

गुरुवारी दुपारी मांडवात नवरदेव सोडून सगळे होते. भटजींनी मुहूर्त गोरजावर ढकलला. आईला घास जाईना. "इमान पडलं तर न्हाई ना रे?" मी पुन्हा दोरा ताणला. उत्तर तेच आलं!

शेवटी मंठ्याहून आलेले नवरीचे मामा उठले. "हळद लागलेली पोर आमी वापस नेत नसतो." त्यांची नजर मांडवभर फिरली आणि माझ्यावर थांबली. "ह्यो कोन?"

"धाकटा. त्याला अजून मिसरूड न्हाई," आई म्हणाली.

"फुटंल की. पोरगं हिशोबी दिसतंय."

मला पाटावर बसवलं, मुंडावळ्या बांधल्या (नकाशावरच्या दोऱ्याच्याच रिळाचा दोरा माझ्या कपाळी आला). अंतरपाट धरायला दोघं उठले, तेवढ्यात वेशीपाशी कापसाची लॉरी थांबली आणि सुटाला कापूस चिकटलेले दादा उतरले. मांडवात येऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"एक दिवस उशीर झाला, तर नवरदेवच बदलला व्हय?"

मी मुंडावळ्या सोडून त्यांच्या कपाळी बांधल्या. इतक्या आनंदानं मी आयुष्यात दुसरं काही सोडलेलं नाही.

पंगतीत दादांनी सांगितलं, "विमान रात्री उतरतं. माणसं हाटेलात निजतात. सकाळी पुन्हा उडतं. वाटेत दोन मुक्काम झाले."

आई माझ्याकडे वळली. "बैलालासुद्धा रातच्याला सोडतात. आन् तू त्याला सलग हाकून राह्यलास?"

गेल्या महिन्यात दादा गेले. पुतण्या परदेशातून विमानानं निघाला होता. ओसरीवर कोणीतरी विचारलं, "पोरगा कधीपर्यंत पोचंल?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "कुनालाबी इचारा, भाऊजींना तेवढं इचारू नका. मागं हिशोब करून सोताच पाटावर बसल्ते."

रडणारी माणसं हसली. मी हळूच घड्याळ पाहिलं. माझ्या हिशोबानं पुतण्या तोवर मुंबईला उतरलाही होता.