पोंपिलियोच्या दाराला बांधलेली घोडी

११ नोव्हेंबर २०१३, सोमवार. संत मार्टिनचा सण. दक्षिणेचा दमट वारा, कपडे वाळणार नाहीत. साडेपाचला रस्सा चुलीवर चढवला. तीन किलो मांस, चार तमालपत्रे, दोन सुक्या मिरच्या. घोडी पाऊण बादली पाणी प्यायली. पुढच्या डाव्या पायाची सूज कालच्याइतकीच. साडेनऊला उच्चोचा फोन. जेवायला येतो आहे, इलेनियाही येईल, शिवाय एक पाहुणा. कोण, ते सांगितले नाही. घोडीला उद्याच न्यायचे म्हणतो. मी नाही म्हटले.

एवढे लिहून ओरोंत्साने वही मिटली. वयाच्या अकराव्या वर्षापासून ती लिहीत होती. मठाच्या शाळेतल्या सिस्टरांनी सांगितले होते, वाटले काय ते देवाला सांगा, घडले काय ते वहीला. आता शहात्तर पूर्ण झाली, तरी वहीत कधी कुणी रडले नव्हते.

रश्श्यात शिजत होते ते घोड्याचेच मांस. दक्षिण इटलीच्या सालेन्तो भागातल्या त्या गावात संत मार्टिनला नवी वाइन उघडायची आणि मडक्यातला लालभडक घोड्याचा रस्सा पावाने पुसून खायचा, हे ठरलेलेच. ओरोंत्साला तर ती चव शाळेतच लागली. अंगात रक्त कमी असलेल्या मुलींना सिस्टर लिंबू पिळलेला कच्चा खिमा भरवायच्या, आणि तो खिमा पोंपिलियोच्या बापाच्या दुकानातून यायचा. पुढे त्या दुकानात ती सून म्हणून गेली आणि एक्कावन्न वर्षे गल्ल्यामागे उभी राहिली. नवरा पोंपिलियो जाऊन तीन वर्षे झाली होती. दुकान बंद होते, पण दारावरचे पत्र्याचे घोड्याचे तोंड, घोड्याच्या खाटकाची खूण, तिने उतरवले नव्हते.

ते तोंड पाहून, दुकान चालू आहे असे वाटून कुणीतरी फसला असावा. सोळा ऑगस्टच्या सकाळी ती दूध आणायला बाहेर पडली, तर शटरच्या कडीला एक तपकिरी घोडी बांधलेली. पुढचा पाय उचलून धरलेला, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घोडीचा पासपोर्ट, म्हणजे तिचा नंबर आणि औषधांच्या नोंदी असलेली पुस्तिका. मठाच्या दाराशी तान्हे मूल ठेवून पळावे तसे कुणीतरी तिला ठेवून पळाले होते. पोंपिलियो मेला आहे हेही त्याला ठाऊक नव्हते. समोरचा न्हावी म्हणाला, "काय ओरोंत्साबाई, मालक गेले तरी गिऱ्हाईक येतंच आहे!" ओरोंत्साने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तिने दोर सोडला आणि घोडीला मागच्या अंगणातल्या गोठ्यात नेले. तिथे पूर्वी जनावरे आपली पाळी येईपर्यंत उभी राहत.

तेव्हापासून तिचा धाकटा दीर उच्चो तिच्या मागे लागला होता. शेजारच्या गावात त्याचे घोड्याच्या मांसाचे दुकान होते. आणि तेव्हापासूनच तिने मनाशी पक्के केले होते, की या दारातून ही घोडी कत्तलखान्याकडे जाणार नाही.

उच्चो साडेबाराला आला. मागे त्याची मुलगी इलेनिया, बावीस वर्षांची, लेच्चे शहरात कॉलेजात शिकणारी, मांस सोडलेली. तिच्या मागे एक पंचेचाळिशीचा माणूस, कोट चांगला, नजर जमिनीवर.

"वहिनी, हा वितांतोनियो," उच्चो म्हणाला. "पासपोर्टातल्या नंबरावरून शोधून काढला. तुमच्या घोडीचा मालक."

"माझी घोडी कशी? माझी असती तर माझ्याकडे मालक कशाला आला असता?" ओरोंत्सा म्हणाली. "या, बसा. टोपी काढा."

वितांतोनियोने टोपी काढली.

उच्चोने खिशातून कागद काढून पावाच्या टोपलीशेजारी ठेवला. मालकाने घोडी उच्चोला दिली असे त्यावर लिहिले होते, खाली सही होती. उद्या सकाळी कत्तलखान्याची गाडी येणार होती.

"म्हणजे आता सगळं रीतसर झालं," उच्चो म्हणाला. "तीन महिने सांभाळलंत, उपकार झाले. लंगडी घोडी, वहिनी. ना ओढायला, ना पळायला. उगीच हाल कशाला?"

"हाल तिचे का तुमचे, बाबा?" इलेनिया उसळली. "सरळ सांगा ना, मांस दिसतंय तुम्हाला. काकू, तुम्ही नाही म्हणालात ना, मला इतकं बरं वाटलं! आमच्या प्राणी वाचवणाऱ्या गटातल्या सगळ्यांना मी सांगितलंय. तुम्ही फक्त एक मिनिट बोला. मी फोनवर व्हिडिओ घेते. पन्नास वर्षं घोडे विकले त्याचा पश्चात्ताप होतो, एवढंच."

"कुणाला होतो?"

"तुम्हाला."

ओरोंत्साने मडक्याचे झाकण काढले. वाफ छताला लागली. "इलेनिया, तुझ्या कॉलेजची फी कशावर भरली जाते ते बापाला विचार. मला पश्चात्ताप होतो तो एकाच गोष्टीचा, मीठ थोडं कमी पडलंय. ताट पुढे कर."

"मी नाही खाणार!"

"मग वालाचं वरण आहे, रानभाजी आहे. रुसून उपाशी बसायचं असेल तर अंगणात जा, तिथे सोबत आहे."

उच्चो हसला. त्याला वाटले, वहिनी आपल्या बाजूला आली. "बघ, ऐक काकूचं. घोडा खाणं बंद केलं की घोड्यांचं भलं होतं म्हणे! अगं, उलट होतं. खाटीक नसला की जनावर रस्त्यावर. गेल्या वर्षी हमरस्त्याला तीन सापडली, पोटात गवताची काडी नाही."

"तुम्ही त्यांना मारता म्हणून कुणी त्यांना सांभाळायला शिकत नाही!"

"शिकशील, शिकशील. आधी एकदा शेण काढ."

"पुरे," ओरोंत्सा म्हणाली. "उच्चो, तुला धंदा कुणी शिकवला?"

"दादानं."

"मग दादाच्या दारातून जनावर न्यायचं तर दादाच्या रीतीनं ने. उठा सगळे. रस्सा गार होत नाही, मडकं जाड आहे."

उच्चोचा चेहरा उतरला. ती रीत त्याला पाठ होती, म्हणूनच स्वतःच्या दुकानात त्याने ती कधी चालवली नव्हती. पोंपिलियो दलालाकडून जनावर घेत नसे. ज्याने राबवले त्याने स्वतः यायचे, अंगणात दोर हातात धरून उभे राहायचे. जनावराचे नाव सांगायचे, वय सांगायचे, त्याने काय काम केले, काय दुखले, पोटात काय औषध गेले, सगळे मोठ्याने बोलायचे. मग दोर पोंपिलियोच्या हातात द्यायचा. दोर धरला की खोटे बोलता येत नाही असे मुळीच नाही. बरेच जण बोलत. पण पोंपिलियो लगेच हात पुढे करत नसे, उभा राही. कितीतरी माणसे त्या उभे राहण्याला कंटाळून जनावर परत घेऊन गेली. धंद्याला ते परवडणारे नव्हते, आणि गावभर त्याची चेष्टाही झाली होती.

अंगणात लिंबाच्या झाडाखाली घोडी उभी होती. ओरोंत्साने खुंटीवरून दोर सोडला आणि वितांतोनियोपुढे धरला.

"धरा."

"बाई, मी सही केलेली आहे."

"सही शाईनं केलीत. घोडी शाईनं बांधली नव्हती. धरा."

त्याने दोर धरला. घोडीने मान वळवली आणि त्याच्या कोटाच्या खिशाशी नाक नेले. पूर्वी तिथे शेंगा असायच्या, हे दोघांनाही आठवत असावे, कारण त्याने खिशावर हात ठेवला.

"नाव?"

"बुफेरा."

"वय?"

"नऊ."

"काय करायची?"

"शर्यतीची दोनचाकी गाडी ओढायची. चार वर्षं. अकरा वेळा पहिली आली." एवढे बोलताना त्याचा आवाज जरा उंच झाला, मग पुन्हा पडला. "एप्रिलात पाय गेला."

"एप्रिलात गेला आणि ऑगस्टात माझ्या दाराला बांधलीत. मध्ये काय केलंत?"

वितांतोनियो दोराचे टोक बोटाला गुंडाळू लागला. इलेनियाने फोन वर केला होता. "तो खाली ठेव," ओरोंत्सा तिच्याकडे न बघता म्हणाली, "माणूस बोलतोय." पण माणूस बोलत नव्हता. ओरोंत्सा उभी राहिली. गुडघा दुखत होता, तरी उभी राहिली. उच्चोने घसा साफ केला, ती उभीच. शेजारच्या घरी नव्या वाइनवर कुणीतरी गाणे लावले आणि ते संपले.

"इंजेक्शनं दिली," शेवटी तो म्हणाला. "मे, जून, जुलै. पायाला ठणका लागू नये म्हणून. शर्यती ठरलेल्या होत्या. तिला पळवलं."

"कसली इंजेक्शनं?" हे उच्चोने विचारले.

वितांतोनियोने औषधाचे नाव सांगितले.

उच्चो दोन पावले पुढे आला. "पासपोर्टात लिहिलंस?"

"नाही."

"अरे गाढवा! ते औषध गेलेलं जनावर माणसाच्या पोटात जायचं नाही, कधीच नाही, हे तुला ठाऊक नाही? माझ्या दुकानात बाळंतिणी येतात, पोरं येतात! माझ्या टेबलावर बसून सही केलीस, माझी कॉफी प्यायलास, आणि तोंड उघडलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत," वितांतोनियो म्हणाला.

हे खरे होते. उच्चोने विचारले नव्हते. त्याने टेबलावरून उठताना खिशात ठेवलेला कागद काढला, चार तुकडे केले, आणि ते कुठे टाकावेत ते न सुचून पुन्हा खिशातच कोंबले.

"म्हणजे वाचली!" इलेनियाने टाळी वाजवली. "काकू, वाचली ती!"

"कशी वाचली?" ओरोंत्सा तिच्यावर गरजली. "खाटकाला नको, शर्यतीला नको, मालकाला तर आधीपासून नको. आता ती कुणालाच नको, त्याला तू वाचली म्हणतेस? अजून वीस वर्षं जगेल ती. मी जगणार नाही. दर शनिवारी गाडी पकडून येशील शेण काढायला?"

इलेनियाचे टाळी वाजवणारे हात खाली आले. "या शनिवारी परीक्षा आहे," ती म्हणाली. मग ओशाळून म्हणाली, "पुढच्या शनिवारी येईन."

"वहीत लिहून ठेवीन."

वितांतोनियो दोर पुढे करून उभा होता. त्याला वाटत होते, आता बाई दोर घेईल आणि आपण सुटू. ओरोंत्साने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी नाही घेणार."

"पण तुम्ही तर तीन महिने..."

"तीन महिने जागा दिली. पुढेही देईन. दोर नाही घेणार. पासपोर्टात आत्ता लिहा, हिचं मांस कधीच खायचं नाही. खाली तुमची सही. सरकारी नोंदीत मालकाच्या जागी तुमचंच नाव राहील. विकता येणार नाही, कापता येणार नाही, आणि परत कुठल्या दाराला बांधलीत तर पोलिसांकडे मी स्वतः जाईन, या सणाच्या कपड्यांत. दर रविवारी गवत घेऊन यायचं. पशुवैद्याला तुम्ही बोलवायचं. मरेल तेव्हा तुम्ही जवळ उभं राहायचं. अकरा वेळा पहिली आली तेव्हा जवळ उभे होतात ना?"

"वहिनी, हा येणार नाही," उच्चो हळूच म्हणाला. "एक रविवार येईल, फार तर दोन."

"नाही आला तर नाही. मग गावाला याचं नाव माहीत असेल. आजवर गाव आपल्याच घराकडे बोट दाखवत आलं, उच्चो. घोड्यांना मारणारे म्हणे! तुझ्या मुलीचे मित्रही तेच म्हणतात. माझ्या नवऱ्यानं चेहरा न दाखवणाऱ्या माणसाकडून एक जनावर कधी घेतलं नाही. त्याच्या दारात कुणीही यावं आणि नको ते टाकून जावं, हे मी मरेपर्यंत चालू देणार नाही."

वितांतोनियोने लिंबाच्या झाडाला पासपोर्ट टेकवून सही केली. त्याने दोर पुन्हा खुंटीला बांधला, आणि गाठ नीट बसली का ते दोनदा ओढून पाहिले.

मग सगळे आत आले आणि जेवले. उच्चोने तीनदा वाढून घेतले आणि एकदाही मान वर केली नाही. वितांतोनियोने पाव रश्श्यात बुडवला, थांबला, ओरोंत्सा आपल्याकडे पाहते आहे हे दिसल्यावर खाल्ला. इलेनिया रानभाजी चिवडत म्हणाली, "काकू, मला तुमचं काही पटत नाही."

"नको पटू दे. ताट स्वच्छ कर."

जेवण झाल्यावर वितांतोनियो गाडी घेऊन गेला. उच्चो म्हणाला, गेला तो कायमचा. दुपारची विश्रांती संपून साडेचारला चाऱ्याची दुकाने उघडली आणि पाचला गाडी पुन्हा दारात उभी राहिली. मागच्या सीटवर गवताचे दोन भारे आणि कोंड्याचे एक पोते होते. ते त्याने एकट्याने आत नेले. कुणी मदत केली नाही.

सगळे गेल्यावर, दिवे लागणीला, ओरोंत्साने वहीत आजच्या पानावर आणखी एक ओळ लिहिली:

कोंड्याचे पोते गोठ्यात उंदीर फोडतील म्हणून स्वयंपाकघरात, फडताळाच्या खाली ठेवले, रविवारपर्यंत पुरेल.