सेबाल्डच्या फुल्या

१६ ऑक्टोबर १५५१, सेंट गालचा दिवस. सकाळी न्युर्नबर्गभर धुकं. फेलिसिटासचं लग्न पार पडलं. कुन्झशी भांडण. ल्यूट वाजवली.

भांडणाबद्दल अपोलोनियाने वहीत एवढंच लिहिलं. मठातल्या संन्यासिनींनी तिला लहानपणी थोडक्यात लिहायची सवय लावली होती. थोडक्यात बोलायची मात्र नाही.

झालं असं. नवऱ्याने, सेबाल्डने, मरायच्या वर्षी लिहिलेलं गाणं नातीच्या लग्नात वाजावं, असा तिचा हट्ट होता. ल्यूटवर, त्या तारांच्या वाद्यावर, ते वाजवणार होता त्याचा शिष्य कुन्झ. त्याने ते स्वच्छ उतरवून आणलं. कुठली तार कुठे दाबायची, ते त्यात अक्षरांनी लिहितात. सेबाल्डने एकच अक्षर तीन-तीनदा लिहून शेजारी फुल्या मारल्या होत्या. कुन्झने तिनाचं एक केलं आणि फुल्या गाळल्या.

"काकू, गाणारा तिथे एकच लांब सूर धरतो. गुरुजींचा हात कापायचा हो शेवटी."

"हात कापायचा, कान नाही! गाणाऱ्याच्या छातीत दम असतो. ल्यूटचा सूर छेडला की लगेच मरतो. जगवायचा तर पुन्हा छेडावा लागतो. आणि फुली म्हणजे बोट उचलायचं नाही. कान पिळून शिकवलंय तुला त्यांनी."

"मग गुरुजींच्या कागदावर ही बघा. मोकळ्या तारेवर फुली! तिथे बोटच नाही, तर उचलायचं नाही काय? कपाळ?"

अपोलोनियाने कागदावर वाकून पाहिलं. फुली खरंच तिथे होती. पाहुण्यांतून कोणीतरी हसलं, "म्हातारा चळलाच होता शेवटी."

तिने कुन्झच्या मांडीवरून ल्यूट ओढून घेतली.

"आजी, तुझी बोटं..." फेलिसिटास म्हणाली.

"सुजलीत. माहीत आहे. वाजेल तर लिहिलंय तसंच वाजेल."

ती अडखळत वाजवू लागली. तोच सूर तीनदा छेडला, फुलीपाशी बोट दुखेपर्यंत दाबून धरलं. मोकळी तार आली, तेव्हा शेजारचं बोट तिने जरा उंच धरलं, तारेला लागू दिलं नाही. तार आपणहून विझेपर्यंत गुणगुणत राहिली.

"तरी ती चूकच आहे," कुन्झ म्हणाला.

"असू दे. माझ्या नवऱ्याची आहे. तू हात लावायचा नाहीस."

त्याची स्वच्छ प्रत तिने सगळ्यांदेखत चुलीत घातली.

संध्याकाळी वहीत त्या दिवसाची शेवटची ओळ पडली: लग्नाच्या जेवणातल्या हंसाची चरबी गाळून मडक्यात भरली.