सात फटफट्या आणि एक वाक्य

आमच्या भागात तेव्हा ज्याच्याकडं फटफटी, तो माणूस कामाचा असं धरलं जाई. लोहाऱ्याच्या आसपासच्या गावांत मिळून आम्हा ओळखीच्यांकडं सात फटफट्या होत्या, आणि त्यातली एक माझी होती हे सांगताना अजूनही मान थोडी ताठ होते. माझी म्हणजे दूध सोसायटीची. मी सोसायटीचा सेक्रेटरी. गावोगाव फिरायचं, कॅनमधलं दूध तपासायचं, पाणी घातलेलं सापडलं की भांडायचं. भांडायला मला आवडायचं. तोंडावर बोलायला हा माणूस कचरत नाही, असा माझा लौकिक होता. तो किती पोकळ होता हे मला पुढं कळलं.

त्या साली पावसानं ओढ दिली होती. जनावरांना चारा नव्हता, कॅन निम्मे रिकामे वाजत येत. अशा वेळी जो तो बहात्तरच्या दुष्काळाची आठवण काढायचा. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यातलेच. बहात्तरला त्यांनी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली होती. आता कंबर दुखली की ते म्हणत, "खडीनं खाल्ली कंबर." आम्हीही तेच म्हणायचो. आई वीट तापवून शेकायची, मी येताना तेलाची बाटली आणायचो. कंबरेचं कारण आपल्याला ठाऊक आहे, असं घरात सगळेच धरून चाललो होतो.

फटफट्यांची फेरी निघाली ती मात्र आमच्या हेडमास्तरांसाठी. सातही गाड्या चालवणारे त्यांच्या छडीखालून गेलेले. हेडमास्तर बौद्ध वस्तीत वाढले, शिकले, मास्तर झाले, आणि पाढा चुकला तर कुणाच्या बापाची भीड ठेवत नसत. एके दिवशी त्यांची लघवी बंदच झाली. उमरग्याच्या डॉक्टरांनी नळी घालून तात्पुरती मोकळी केली आणि सोलापूरला पाठवलं. तिथं प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. उमरग्याच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलं, की पुरुषाला लघवीच्या पिशवीखाली सुपारीएवढी एक ग्रंथी असते, तिचं हे दुखणं. आम्ही सातजण माना खाली घालून ऐकत होतो. तिशीतले बापे, पोराबाळांचे धनी, आणि सुपारीएवढ्या ग्रंथीला लाजत होतो.

फेरीची कल्पना डॉक्टरांचीच. उपचाराच्या खर्चासाठी एकटादुकटा मदत मागायला गेला तर लोक दारातूनच बोळवण करतील, पण सात फटफट्या एकदम शिरल्या तर सगळं गाव गोळा होईल, असं त्यांचं म्हणणं. आणि गाव गोळा झालंच तर नुसती मदत मागू नका, दुखणंही सांगा. त्यांनी वहीच्या पानावर एक लांबलचक वाक्य लिहून दिलं. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाला लघवीला पुन्हा पुन्हा उठावं लागत असेल, धार बारीक झाली असेल, रक्त दिसत असेल किंवा कंबर सारखी दुखत असेल, तर त्यानं लाजू नये, डॉक्टरला दाखवावं.

भोंग्यावर हे वाचायचं काम माझ्यावर आलं. हेडमास्तरांनीच तसं सांगितलं. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "शाळेत भाषणं तूच ठोकायचास. माझं नाव घेऊन सांग. मी दोन वर्षं लाजलो म्हणून आज इथं पडलोय. एवढं लोकांना सांग." मी हो म्हणालो. छातीवर हात ठेवून हो म्हणालो.

डॉक्टरांना पेशंट सोडून येता आलं नाही. आम्ही सकाळीच निघालो. एका गाडीच्या कॅरिअरला भोंगा आणि बॅटरी बांधली. पहिला थांबा हेडमास्तरांच्या वस्तीत. तिथं तो 'लघवी' शब्द भोंग्यातून पहिल्यांदा बाहेर पडला तेव्हा माझेच कान तापले. पोरी तोंडाला पदर लावून पळाल्या, तरणी पोरं फिदीफिदी हसली. एक म्हातारा मात्र पुढं सरकला आणि कानामागं हात धरून सगळं ऐकत उभा राहिला. दुसऱ्या गावी जरा सोपं गेलं. चौथ्या गावापर्यंत तर मी बाजारातला कांद्याचा भाव सांगावा तसं ते वाक्य सांगू लागलो.

पसरलेल्या उपरण्यात लोकांनी नोटा टाकल्या, नाणी टाकली. ज्यांच्याकडं तेही नव्हतं त्यांनी ज्वारी दिली. त्या सालात ओंजळभर ज्वारी देताना त्या बायांच्या जिवाचं काय झालं असेल, ते मला आजही सांगता येत नाही. एका आजीनं जिवंत कोंबडी दिली. ती माझ्या पाठीमागं बांधली, आणि मी भोंग्यावर तोंड उघडलं की तीही उघडायची. सोबती म्हणाले, आज दोन वक्ते आहेत. असे हसत खिदळत आम्ही दुपारी माझ्या गावात शिरलो.

पारावर अण्णा बसले होते. शेजारी दोन्ही चुलते. समोरच्या दारात आई, तिच्या मागं माझी बायको.

आमच्या घरात तो शब्दच नव्हता. अण्णा तांब्या घेऊन उठायचे आणि "जाऊन येतो" म्हणायचे, बस्स. त्यांच्यासमोर मी कधी खाटेवर बसलो नाही, बिडी ओढली नाही, स्वतःच्या पोराला उचलून घेतलं नाही. आणि आता त्यांच्यासमोर, आईच्या आणि सुनेच्या देखत, भोंग्यावरून धारेची गोष्ट काढायची! मी कागद उघडला. हेडमास्तरांचं नाव घेतलं. मोठं दुखणं आहे म्हणालो, कॅन्सर म्हणालो, हात सैल सोडा म्हणालो. मधलं वाक्य डोळ्यांनी वाचलं आणि ओलांडून पुढं गेलो. सोबत्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि उपरणं पसरायला घेतलं. त्यांनाही बाप होते.

अण्णा उठले, कमरेवर हात ठेवून पाराच्या पायऱ्या उतरले, उपरण्यात नोट टाकली. म्हणाले, "चांगलं बोलतोस की रं." त्यांनी माझं असं चारचौघांत कौतुक केलेलं मला दुसरं आठवत नाही. मी फुगलो. पुढच्या गावात मी ते वाक्य पुन्हा खणखणीत वाचलं. तिथं माझा बाप नव्हता.

हेडमास्तर पोळ्याच्या आधी गेले. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "सगळीकडं सांगितलंस ना?" मी पुन्हा हो म्हणालो.

दिवाळी झाली आणि अण्णांचे पाय लुळे पडू लागले. कंबरेचं दुखणं मांड्यांत उतरलं. जीपमध्ये पोत्याचा आधार देऊन आई आणि मी त्यांना उमरग्याला त्याच डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तपासलं, मग लघवीचं विचारलं. अण्णा भिंतीकडं बघत राहिले. शेवटी पदराआडून आई बोलली, "दोन वर्सं झाली. सारखं उठत्यात. कुनाला बोलू नगं म्हनले."

डॉक्टरांचा पारा चढला. "अहो, तुमच्याच गावात फेरी आली होती. हेच तर सांगायला आली होती. तुमचाच मुलगा भोंग्यावर होता. ऐकलं नाही तुम्ही?"

मी फरशीकडं बघू लागलो. अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी माझ्या तोंडून काय राहून गेलं, ते त्यांना त्या क्षणी उमगलं. मग ते डॉक्टरांकडं वळून सावकाश म्हणाले, "आली व्हती की, सायेब. त्यो बोलला आसंल. मलाच ऐकाया कमी येतंय. न्हाय आलं ऐकू."

दोन शेतं पलीकडच्या बैलाची घुंगरं ऐकून बैल कुणाचा ते सांगणारा हा माणूस. आईनंही माझ्याकडं पाहिलं. डॉक्टर चिठ्ठी लिहू लागले.

सोलापूरला कळलं, की रोग हाडांत पसरला होता. खडीचा त्यात काही दोष नव्हता. परतताना एसटीत मी त्यांच्या पायाशी बसून म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी म्या..." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि खिडकीबाहेर करपलेल्या रानाकडं बघत बसले. शिव्या दिल्या असत्या, तोंडात मारली असती, तर मला सोसलं असतं. संक्रांतीच्या आत ते गेले. मला दुःख झालंच, पण त्याहून जास्त स्वतःचा संताप आला, आणि तो काही अजून उतरलेला नाही.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी पुन्हा फेरी काढली. या खेपेला पैशासाठी कमी आणि सांगण्यासाठी जास्त. तुझं दुःख ताजं आहे, तू राहू दे, असं सोबती म्हणाले. मी ऐकलं नाही. माझं गाव पहिलं घ्या, एवढंच म्हणालो.

पारावर अण्णांच्या जागी दुसरंच कुणी बसलं होतं. चुलते होते. दारात आई होती. मी कागद न बघता ते वाक्य म्हणालो, लघवी, धार, रक्त, कंबर, सगळं. मग पुन्हा एकदा सावकाश म्हणालो. कुणी हसलं नाही. धाकटे चुलते काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

भोंगा बंद केला तेव्हा आई उंबऱ्यातून उतरून, सगळ्या बाप्यांमधून वाट काढत माझ्या गाडीजवळ आली. पारासमोर ती आजवर अशी कधी आली नव्हती.

"मागल्या साली ऱ्हायलं त्ये ह्येच का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"एवढंच व्हतं व्हय रं?"

"व्हय आई," मी म्हणालो. "एवढंच व्हतं."